मागोमागचा आनंद

पत्रिका सुगंधाकाकूंच्या हातात पडली आणि तिथून घोळ सुरू झाला.

शुक्रवारची संध्याकाळ होती. कोंडिराम खिल्लारे जाऊन बारा दिवस झाले होते आणि रविवारच्या कार्यक्रमाच्या पत्रिका मधल्या जीवननं छापून आणल्या होत्या. पांढरा कागद, निळी अक्षरं, वर बुद्धाचं चित्र. खाली कोंडिरामांचा फोटो, स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाले त्या दिवशीचा, गळ्यात हार असलेला. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या त्या फ्लॅटमध्ये घरचे सगळे जमले होते. थोरली पंचशीला मोरव्याहून आली होती, सोबत तिची मानसी. धाकटा रवी ऑफिसातून तसाच आला होता, गळ्यातलं कार्डही काढलं नव्हतं त्यानं. आणि तुळसाबाई, म्हणजे या तिघांची आई, भिंतीला टेकून मेथी निवडत होती. नवरा गेल्यापासून ही बाई सारखी काहीतरी निवडत असायची.

सुगंधाकाकू नवघरच्या चाळीपासूनची शेजारीण. मूळ रत्नागिरीची. खिल्लाऱ्यांनी इथं फ्लॅट घेतला तसा काकूंच्या यजमानांनी, विठूकाकांनीही दोन मजले वर घेतला, म्हणजे शेजार काही सुटला नाही. त्यांनी चष्मा चढवला आणि पत्रिका मोठ्यानं वाचायला घेतली.

"कालकथित म्हणजे आमच्यात कैलासवासी म्हणतात तसं, ते ठाऊक आहे मला. पण हे पुढचं... पुण्यानुमोदन. म्हणजे काय गो पंचे? इतकी वर्षं तुमच्याकडच्या या कार्यक्रमाला येतेय, जेवून जातेय, पण विचारायचं राहूनच गेलं."

पंचशीलानं वाकून पत्रिकेतला तो शब्द वाचला. आता काय सांगायचं? जन्मात पन्नास तरी पुण्यानुमोदनं पाहिली असतील तिनं. पण भाईंदरचा माणूस रोज मीठ खातो, ते कुठल्या मिठागरातलं म्हणून कधी विचारतो का?

"श्रद्धांजलीच समजा ना काकू," जीवन म्हणाला.

"गेलेल्याला पुण्य मिळावं म्हणून प्रार्थना," रवीनं सांगितलं.

"दोन्ही चूक," मानसी म्हणाली.

मानसी एम.ए. करत होती, पाली विषय घेऊन. विठूकाकांनी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा त्यांना वाटलं पोरगी उत्तनच्या पुढं पाली गावात क्लासला जाते, आणि "अगो, एवढ्या लांब कशाला, इथं स्टेशनला क्लास नाहीत का?" म्हणून महिनाभर हळहळत होते. तेव्हापासून घरात तिची सगळे मस्करी करायचे. पण आज कुणी हसलं नाही.

"सामासिक शब्द आहे," मानसी म्हणाली. "पुण्य आणि अनुमोदन. अनुमोदनातला अनु म्हणजे मागोमाग. आणि मोद म्हणजे आनंद. कुणीतरी काही चांगलं केलं, आणि ते बघून किंवा ऐकून, मागोमाग आपल्यालाही आनंद झाला, त्या आनंदाला म्हणायचं पुण्यानुमोदन. पालीत पुञ्ञानुमोदना. शब्दाचा अर्थ एवढाच."

"म्हणजे सोसायटीच्या मीटिंगमध्ये ठरावाला अनुमोदक लागतो, तसंच ना?" जीवननं विचारलं. तो सोसायटीचा सेक्रेटरी होता.

"शब्द तोच आहे मामा. फक्त तिथं आनंद झालेला असतोच असं नाही."

रवी फिस्सकन हसला. काकूही हसल्या. "छान आहे गो. दुसऱ्याच्या चांगल्याचा आनंद. आमच्या बिल्डिंगीत शोधून सापडायचा नाही."

आणि या हसण्याच्या मध्येच पंचशीला बोलून गेली, "आणि नाही झाला आनंद, तर?"

हसू थांबलं. मेथीची पानं खुडणारे तुळसाबाईचे हातसुद्धा थांबले. 

जीवननं बहिणीकडं पाहिलं. मग पत्रिका उलटी करून तिच्यासमोर धरली. मागच्या बाजूला बोलणाऱ्यांची नावं होती. पहिलं, बाबांनी घरी ठेवून शिकवलेल्या मुंजाजीचं. मग त्याच्यासारख्याच गावाकडच्या बाकीच्या आठजणांची. आणि सगळ्यात शेवटी, ठळक अक्षरात, 'कन्या पंचशीला'.

"मला विचारलंस?" ती म्हणाली.

"यात काय विचारायचं ताई? मुलगी बोलतेच ना."

"मी नाही बोलणार."

"अगं छापलंय आता! दीडशे पत्रिका गेल्यात."

"मग सांग, घसा बसलाय म्हणून."

*

आता ही गोष्ट अशी होती की ती घरात सगळ्यांना माहीत होती आणि तीस वर्षांत कुणी एकदाही काढली नव्हती.

कोंडिराम त्र्याहत्तरच्या साली परभणीकडून भाईंदरला आले. नवघरच्या चाळीत दहा बाय बाराची खोली घेतली. स्वतः सातवी शिकलेला माणूस, पण शिक्षणाचं वेड असं की गावातल्या आपल्या वस्तीतलं कुठलंही पोरगं हुशार आहे म्हणून कळलं की चिठ्ठी पाठवायचे: धाडून द्या. एकेक करत नऊ पोरं त्या खोलीत राहिली, शिकली, नोकरीला लागली. कोंडिराम स्वतः बाहेर पत्र्याच्या पडवीत झोपले, चांगली बारा वर्षं. यातलं काही खोटं नव्हतं. तीच तर पंचाईत होती. बापाबद्दल लोक जे जे बोलणार होते ते सगळं अक्षर न् अक्षर खरं होतं.

फक्त त्या नऊ पोरांना आणि दोन भावांना दोन्ही वेळ भाकरी पंचशीलानं थापली, हे त्यात कुठं येत नव्हतं.

दहावीला तिला अडुसष्ट टक्के पडले होते. त्याच वर्षी नवातले दोघे नापास झाले होते. जूनमध्ये कॉलेजचा फॉर्म आणायचा होता, त्या दिवशी बाबा दारात उभे राहिले, जमिनीकडं बघत म्हणाले, "एक वर्ष थांब पंचे. पोरं मार्गाला लागू दे." एकाची आठ वर्षं झाली. शेवटचा पोरगा मार्गाला लागला तेव्हा ती चोवीस वर्षांची होती आणि तिचं लग्न ठरलं होतं.

राग तिनं दाखवला नाही, पण गिळलाही नाही. बाबांच्या शेवटच्या चार महिन्यांत तिनं त्यांना अंघोळ घातली, लेकरासारखं भरवलं. वाटायचं, आज बोलतील, उद्या बोलतील. पंचे, तुझं शिक्षण राहिलं, एवढंच म्हणाले असते तरी चाललं असतं. पण ते म्हणायचे, "मुंजाजीला फोन लाव बरं."

"ताई, ऐक ना यार," जीवन आता समजुतीवर आला. "दोन मिनिटं. बाबा थोर होते, आम्हाला त्यांचा अभिमान वाटतो, बास. नऊच्या नऊ जणांसमोर मुलगी गप्प बसली तर कसं दिसेल?"

"जीवन, कार्यक्रमाची सुरुवात कशानं होते?"

"त्रिसरण, पंचशील. का?"

"चौथं शील काय आहे?"

 विहारात दर रविवारी माइकवरून पंचशील जीवनच म्हणवून घ्यायचा.

"खोटं बोलणार नाही, असं आहे ना? अकरा वाजता दीडशे माणसांत हात जोडून ते म्हणायचं आणि बारा वाजता त्याच माइकवर मला आनंद झालाय म्हणून सांगायचं? नाव काय ठेवलंय रे माझं बाबांनी?"

"ताईला नको तर नको," रवी मध्ये पडला. तो नेहमी तिच्या बाजूचा. शाळेत असताना त्याचा अभ्यासही तिनंच घेतला होता, तव्यावरची भाकरी उलटता उलटता. "जबरदस्ती कसली करतोस दादा?"

"मग मी काय सांगू लोकांना?"

"खरं सांग," पंचशीला म्हणाली. "सांग, की बाबांनी नऊ पोरं शिकवली आणि दहावी पोरगी चुलीपुढं बसवली."

हे मात्र रवीला झोंबलं. त्याचा चेहराच बदलला. "ताई, आता? ते गेल्यावर? जिवंत होते तेव्हा विचारायचं होतंस. आता ते उत्तर देणार आहेत का?"

"तू माझ्या बाजूचा होतास ना आत्ता?"

"बाजू कसली त्यात! न बोलणं वेगळं आणि बाबांना चारचौघांत उघडं पाडणं वेगळं."

झालं. दोघे भाऊ एका बाजूला झाले. पंचशीलानं आईकडं पाहिलं. तुळसाबाईनं मेथीची जुडी संपवून दुसरी घेतली होती. या बाईला आयुष्यात कधीच मत नसावं का? पंचशीलाच्या डोळ्यांत पाणी आलं, म्हणून ती उठून चहा टाकायला आत गेली.

*

मागोमाग मानसी आली, आणि तिच्या मागं सुगंधाकाकू.

"मम्मी, रडू नको ना. मी उगाच अर्थ सांगत बसले."

"तू कशाला वाईट वाटून घेतेस? शब्द काय वाईट नाही. चांगलाच आहे. मला जमत नाही, तो माझा दोष." पंचशीलानं आलं ठेचलं, जरा जास्तच जोरात. "कसा काय आला गं हा शब्द? म्हणजे मयताच्या कार्यक्रमाला हेच नाव कुणी दिलं?"

"मयताशी त्याचा आधी संबंधच नव्हता," मानसी ओट्याला टेकून म्हणाली. "आमच्या मॅडमनी शिकवलंय. भिक्खू रोज दारोदार जायचे, किंवा त्यांना कुणीतरी जेवायला बोलवायचं. जेवण झालं, हात धुतले, की लगेच उठून चालू नाही पडायचं. ज्यानं जेवू घातलं त्याच्याबद्दल दोन शब्द बोलायचे. तू हे चांगलं केलंस, त्याचा आम्हाला आनंद आहे. ते बोलणं म्हणजे अनुमोदन. आजही भन्ते जेवल्यावर म्हणतातच ना काहीतरी, तेच ते. गेलेल्या माणसाशी ते खूप नंतर जोडलं गेलं."

पंचशीलाचा ठेचणारा हात थांबला. "जेवण झाल्यावर?"

"हो. मुळात जेवू घालणाऱ्यासाठीच आहे ते."

"अगो बाय माझे!" सुगंधाकाकूंनी कपाळावर हात मारला. "मग हिचंच करायला हवं होतं की पहिलं! मी बघितलंय ना डोळ्यांनी. पहाटे पाचला हिचा स्टोव्ह पेटायचा, आमच्या भिंतीतून आवाज यायचा. नऊ घोडे जेवून उठायचे आणि पुस्तकं घेऊन बाहेर. एकानं तरी म्हटलं का कधी, पंचे, भाकरी चांगली झाली होती?"

"मुंजाजी म्हणायचा," पंचशीला म्हणाली. न्यायाला ती पक्की होती. "वांगं खायचा नाही तो. त्याच्यासाठी वेगळं बेसन टाकायचे, तर म्हणायचा, पंचाताई, तुझ्या बेसनावर मी परीक्षा पास होणार. रात्री मोठ्यानं वाचायचा. त्याच्या इतिहासाच्या सनावळ्या मला आधी पाठ व्हायच्या. चुकला की मी आतून सांगायची." तिला हसू आलं, आणि त्या हसण्याचाच राग आला. "काय उपयोग? तो साहेब झाला. मी सनावळ्या पाठ करून मोरव्यात बसलेय."

"चहा उतू चाललाय," दारातून आवाज आला.

तुळसाबाई उभी होती, हातात मेथीची टोपली. कधीची उभी होती कुणास ठाऊक. तिनं पुढं होऊन गॅस बारीक केला. मग लेकीकडं न बघता मानसीला विचारलं, "जे जेवू घालतं त्याच्यासाठी असतंय का ते?"

"हो आजी. मुळात."

"आन् ज्यानं जेवू घालाया लावलं, त्याच्यासाठी?"

 तुळसाबाईनं टोपली ओट्यावर ठेवली आणि बाहेर निघून गेली.

*

रविवारी गच्चीवर मंडप घातला होता. खाडीकडून वारा येत होता आणि कापड फडफडत होतं. पुढं टेबलावर बुद्धाची मूर्ती, बाबासाहेबांचा फोटो, आणि त्यांच्या खाली कोंडिरामांचा. मेणबत्त्या सारख्या विझत होत्या आणि रवी त्या सारख्या पेटवत होता. नवातले सहाजण आले होते, तिघांनी निरोप पाठवले होते. सहाही जण पहिल्या रांगेत, कडक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून. केस पिकलेले, पोटं सुटलेली. पंचशीलाला मात्र त्यांच्यात अजून ती पोरंच दिसत होती. हा ताटात शेवटची भाकरी राखून ठेवणारा. तो मीठ मागायला लाजणारा.

बौद्धाचार्यांनी त्रिसरण म्हणवून घेतलं, मग पंचशील. चौथ्या शीलाला पंचशीलानं हात जास्तच घट्ट जोडले. गेलेल्याच्या नावानं भांड्यात पाणी ओतून जलदान झालं. मग जीवननं माइक हातात घेतला आणि मुंजाजीला बोलावलं.

मुंजाजी आता पाटबंधारे खात्यात मोठा इंजिनिअर होता. बोलायची सवय होती त्याला. "कोंडिरामदादा नसते तर मी आज ऊस तोडत असतो," तो म्हणाला. "दहा बाय बाराची खोली. आम्ही आत, दादा बाहेर. थंडीत पोतं पांघरून झोपायचे. म्हणायचे, तू वाच, मला झोप लागते. या माणसानं आम्हाला घर दिलं, अन्न दिलं. त्या घासाचं ऋण या जन्मी फिटणार नाही."

लोकांनी डोळे पुसले. पंचशीलानंही पुसले. पोतं पांघरलेले बाबा तिलाही आठवत होते. पण 'अन्न दिलं' म्हणताना मुंजाजीनं बघितलं ते फोटोकडं. बेसनवालासुद्धा विसरला की काय? एकामागून एक पाच जण बोलले. प्रत्येकाच्या बोलण्यात तो घास आला, आणि प्रत्येक वेळी तो दादांनीच दिला.

आणि मग जीवन म्हणाला, "आता शेवटी, बाबांची लाडकी लेक, आमची ताई."

शुक्रवारी नको म्हणून सांगितलेलं त्यानं ऐकलं नव्हतं. दीडशे माणसांसमोर ही काय नाही म्हणणार, असा हिशेब केला असणार त्यानं. सगळ्या माना वळल्या. मागच्या रांगेतून सुगंधाकाकूंनी डोळ्यांनीच खुणावलं: बोल.

पंचशीला उठली. तिनं माइक हातात घेतला.

"मला दोन शब्द बोलायला सांगितलंय," ती म्हणाली. "बाबांनी जे चांगलं केलं त्याचा आनंद झालाय, असं सांगायचं असतं म्हणे. आत्ताच आपण सगळ्यांनी शपथ घेतली, खोटं बोलणार नाही म्हणून. म्हणून सांगते. मला आनंद होत नाही."

मंडपात फक्त कापडाचा फडफडाट ऐकू येत होता. जीवन पुढं सरसावला, "ताई, दे तो इकडं..."

"हात लावू नको," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, पण जीवन थांबला. "तुम्ही सगळे शिकलात, ते मला बघवतं. मुंजाजी, तुझी नोकरीची ऑर्डर आली तेव्हा चाळीत पेढे मीच वाटले होते. तेव्हा आनंद झाला होता, खरा झाला होता. पण बाबांनी तुम्हाला जागा दिली. भाकरी मी दिली. आठ वर्षं. मला अडुसष्ट टक्के होते. बाबा म्हणाले, एक वर्ष थांब. मी थांबले. पुढं कधी त्यांनी तो विषयच काढला नाही. शेवटपर्यंत नाही. म्हणून मला जमत नाही. मला माफ करा."

मुंजाजीनं मान खाली घातली होती. रवी मेणबत्ती हातात धरून तसाच उभा होता आणि मेण त्याच्या बोटांवर सांडत होतं. कुणीतरी मागं कुजबुजलं, "आज बोलायचं का हे!"

"त्यो म्हनला न्हाई तसं."

आवाज तुळसाबाईचा होता. पांढरं लुगडं नेसून ती फोटोच्या बाजूला खुर्चीवर बसली होती. तिला उठायला वेळ लागला. जन्मात कधी सभेत न बोललेली बाई. रवी धावला, तर तिनं त्याला हातानंच मागं सारलं.

"आई, तू बस," जीवन म्हणाला.

"म्या लै बसले." तिनं माइक घेतला नाही. तिला तो धरायचा कसा हेही माहीत नव्हतं. पण तिचं बोलणं शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होतं. "पंचे, एक वर्स थांब, हे तुहा बाप तोंडानं म्हनला. पण ते शब्द महे व्हते."

पंचशीला आईकडं वळली.

"तव्हा म्या कारखान्यात जायची. वाट्या-पेले कागदात गुंडाळून खोक्यात भरायचं काम. तुहा बाप घरी आला, म्हनला, पंचीला इतके मार्क पडलेत, तिला कालेजात घालू. भाकरीचं कसं, तर म्हनला, तू काम सोड, तू घरी ऱ्हाय. म्या म्हनलं, म्या न्हाई सोडणार." तिनं श्वास घेतला. "सकाळी डबा घेऊन बायांसंगं बाहेर पडायचं. दुपारी झाडाखाली बसून हसत-बोलत भाकर खायची. महं तेवढंच व्हतं गं. गावाकडं म्या कधी मोकळी हसले न्हवते. म्या म्हनलं, पंची ऱ्हाईल घरी. तीन दिस भांडला मह्याशी. जेवला न्हाई. म्या ऐकलं न्हाई. मग तुला सांगायला त्यो गेला. म्या गेले न्हाई, मही हिंमत झाली न्हाई."

"तीस वर्षं..." पंचशीलानं माइक खाली केला. "तीस वर्षं का नाही सांगितलंस?"

"त्यो म्हनायचा, मह्यावर राग धरला तर धरू दे, तुह्यावर नको. पोरीला माय लागती." तुळसाबाईनं पदर तोंडाला लावला आणि परत काढला. "मेलेल्या माणसावर खोटं ठेवून म्या हितं बसू कशी? आता मला काय म्हनायचं ते म्हण."

 पंचशीलाला आधी काही वाटेचना. मग एकदम सगळंच वाटायला लागलं. तीन दिवस न जेवलेला बाप. तिच्या अडुसष्ट टक्क्यांसाठी भांडलेला बाप. जमिनीकडं बघत बोलला, कारण ते शब्द त्याचे नव्हते. आणि समोर ही, सत्तरीची, वाकलेली, एका कारखान्याच्या दारातल्या झाडाखाली हसायला मिळावं म्हणून लेकीचं कॉलेज देऊन टाकलेली. हिच्यावर ओरडावं? त्या वेळी हिचं वय काय होतं? सदतीस, अडतीस. आज पंचशीला त्याहून मोठी होती. हे सगळं कळत होतं आणि तरी राग येत होता, चांगला रसरशीत, नवाकोरा.

माइक अजून तिच्याच हातात होता.

"मघाशी मी जे बोलले ते मला तेव्हा खरं वाटत होतं," ती म्हणाली. प्रत्येक शब्द तिला शोधून काढावा लागत होता. "माझ्या बाबांना वाटलं होतं मी शिकावं. त्यासाठी ते तीन दिवस उपाशी राहिले. हे मला आज कळलं. उशिरा कळलं, पण कळलं." ती थांबली. डोळे वाहत होते आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. "मला आनंद झालाय. खरंच झालाय."

बौद्धाचार्यांनी हात जोडले. "साधु," ते म्हणाले. मुंजाजी उठून उभा राहिला आणि त्यानं मागं वळून, फोटोकडं नाही, तिच्याकडं बघत हात जोडले. मग बाकीचे पाच उठले. मग सगळा मंडप. साधु, साधु. जीवनच्या तोंडून तिसरा साधु बाहेर पडला तोपर्यंत त्याचाही चेहरा पार विस्कटला होता.

पंचशीलानं माइक टेबलावर ठेवला आणि आईच्या शेजारच्या खुर्चीत जाऊन बसली. दुसरीकडं बसायला जागा होती. तरी तिथंच बसली.

खाली जिन्यात पातेल्यांचा आवाज सुरू झाला होता. वरणाचा, मेथीच्या भाजीचा वास गच्चीवर आला. लोक उठून पंगतीला जायला लागले, पण या दोघींच्या जवळून जाताना आवाज खाली करत होते.

"रागावलीस?" तुळसाबाईनं विचारलं.

"हो."

"किती दिस?"

"माहीत नाही, आई."

तुळसाबाईनं मान हलवली. मग विचारलं, "जेवशील का न्हाई?"

"जेवीन," पंचशीला म्हणाली. "पण आज वाढायला उठणार नाही."

तुळसाबाई गुडघ्यांवर हात टेकून उभी राहिली. "बस मग," ती म्हणाली. "म्या आणते ताट."